डिमर लावला आणि दिवे थरथरायला लागले? घोळ बहुतेक वेळा छतातल्या छोट्या डबीत असतो

हॉलमध्ये नवीन फॉल्स सीलिंग झालंय. कडेने एलईडी पट्टी, मधे चार छोटे स्पॉटलाइट, देवघरावर एक वेगळा दिवा. बोर्डवर हौसेने डिमर बसवलाय. पाहुणे आले, नॉब फिरवला, आणि दिवे मंद व्हायच्या ऐवजी थरथरायला लागले. छतातून गुणगुण ऐकू येते. नॉब अजून खाली नेला तर दिवे एकदम बंदच.

वायरमन येतो आणि म्हणतो, "बल्ब खराब आहेत." बल्ब बदलतात. थरथर तशीच.

नाशिकच्या पंचवटीत ही गोष्ट दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या घरांत घडू शकते. एकीकडे काळाराम मंदिर, सीतागुंफा, रामकुंडाच्या आसपासचे लाकडी तुळयांचे जुने वाडे. दुसरीकडे हिरावाडी, दिंडोरी रोड, मखमलाबाद नाक्याकडच्या सोसायट्या. त्यात २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलेला, त्यामुळे खोल्या नव्या करून घेण्याची घाई वेगळीच. वाडा असो की फ्लॅट, सीलिंग आणि मंद उजेडाची आवड दोन्हीकडे पोचलीये. फरक एवढाच की वाड्यात त्या सीलिंगच्या वर शंभर वर्षांचं लाकूड असू शकतं. म्हणून हा विषय फक्त उजेडाचा राहत नाही.

तर आज समजून घेऊ की डिमर, ट्रान्सफॉर्मर आणि कमी व्होल्टेजचे दिवे यांचं नेमकं कुठे जुळतं आणि कुठे बिनसतं.

आधी छतात काय आहे ते बघू

ट्रान्सफॉर्मर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रस्त्याच्या कडेची डीपी येते. महावितरणची ११,००० व्होल्टची लाइन तिथे येते आणि घरात वापरता येईल एवढी खाली उतरते. आपल्या बोर्डपर्यंत पोचते तेव्हा ती २३० व्होल्ट असते.

सीलिंगमधली डबी हेच काम लहान प्रमाणात करते. २३० व्होल्टचे १२ किंवा २४ व्होल्ट करते. कारण सीलिंगमधले बरेचसे छोटे दिवे २३० वर चालतच नाहीत. जुने हॅलोजन स्पॉट १२ व्होल्टचे असतात, एलईडी पट्टी १२ किंवा २४ व्होल्टची असते.

पण या डबीला दुकानात आणि वायरमनच्या बोलण्यात कधी ट्रान्सफॉर्मर, कधी ड्रायव्हर, कधी ॲडॉप्टर, तर कधी सरसकट चोक म्हणतात. इथेच पहिला गोंधळ होतो. कारण या नावांखाली तीन पूर्ण वेगळ्या वस्तू असतात.

पहिली, लोखंडी गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेला खराखुरा ट्रान्सफॉर्मर. हातात घेतला की कळतो, ५० वॅटचा तुकडा जवळपास किलोभर भरतो. २००० च्या आसपास ज्या घरांत हॅलोजन स्पॉट बसले तिथे हा अजूनही सापडतो.

दुसरी, इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर. प्लॅस्टिकची हलकी डबी. ही पण हॅलोजनसाठीच बनली. आत सर्किट असतं, ते सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करून छोट्याशा गाभ्यातून १२ व्होल्ट काढतं.

तिसरी, एलईडी ड्रायव्हर. हा बाहेर डीसी वीज देतो. आजच्या नव्या सीलिंगमध्ये बहुतेक हाच असतो.

ओळखायची सोपी खूण डबीवरच छापलेली असते. आउटपुटच्या आकड्यापुढे नागमोडी रेघ असेल तर एसी, म्हणजे पहिल्या दोनपैकी एक. सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ असेल तर डीसी, म्हणजे ड्रायव्हर.

आता महत्त्वाचा मुद्दा. भिंतीवरचा डिमर बल्बशी बोलत नाही, या डबीशी बोलतो. डबीला त्याची भाषा कळली तर दिवा मंद होतो, नाही कळली तर थरथरतो. त्यामुळे बल्ब कितीही बदला, डिमर आणि डबी यांची जोडी चुकलेली असेल तर उपयोग नाही.

डिमर व्होल्टेज कमी करतो का?

बहुतेकांना वाटतं, डिमर म्हणजे नळ. फिरवला की धार बारीक. तसं नसतं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणजे ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते, आणि अशा अर्ध्या लाटा सेकंदाला १०० येतात. एक अर्धी लाट १० मिलिसेकंदांची. डिमर या प्रत्येक अर्ध्या लाटेचा एक तुकडा कापून टाकतो आणि उरलेला पुढे पाठवतो. जेवढा मोठा तुकडा कापला तेवढा उजेड कमी. हे इतक्या भराभर होतं की डोळ्याला सलग मंद प्रकाश दिसतो.

याआधी नाटकाच्या थिएटरमध्ये डिमर होतेच. पण तिथे मोठमोठे रेझिस्टन्स लावून वीज अक्षरशः उष्णतेत घालवली जायची. मिठाच्या पाण्याच्या भांड्यात पट्ट्या वर-खाली करून दिवे मंद करण्याची पद्धतही रंगभूमीवर वापरली गेलीये. असलं धूड घराच्या भिंतीत बसवणं शक्यच नव्हतं. अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या घरी प्रयोग करून सेमीकंडक्टरवर चालणारा, स्विचबोर्डच्या खाचेत मावणारा डिमर तयार केला आणि १९६१ मध्ये लुट्रॉन ही कंपनी काढली. तेव्हा समोर होता साधा तारेचा बल्ब. तो बिचारा कसलीही कापलेली लाट मुकाट्याने खातो, कारण त्याला फक्त तापायचं असतं. डबी आली आणि भानगड सुरू झाली.

लाट दोन प्रकारे कापता येते. पुढून किंवा मागून.

पुढून कापणारा डिमर लाट सुरू झाल्यावर काही वेळ गप्प बसतो आणि मधेच धाडकन चालू होतो. याला लीडिंग एज म्हणतात. आत ट्रायॅक नावाचा पार्ट असतो. स्वस्त, दणकट, आणि आपल्या बाजारातले बरेचसे साधे डिमर याच जातीचे.

मागून कापणारा डिमर लाटेच्या सुरुवातीलाच, शून्यापासून, हळूच चालू होतो आणि मधे बंद होतो. हा ट्रेलिंग एज. जरा महाग.

लोखंडी ट्रान्सफॉर्मर: शांत दिसतो, पण सगळ्यात धोकादायक चूक इथेच होते

लोखंडी ट्रान्सफॉर्मरला पुढून कापणारा डिमर चालतो. पण त्या डिमरवर "इंडक्टिव्ह लोडसाठी चालेल" असं लिहिलेलं हवं. मागून कापणारा मात्र लावू नये. तारेच्या वेटोळ्यातून वाहणारा करंट अचानक तोडला की ते वेटोळं उलटा झटका देतं, व्होल्टेज उसळतं आणि डिमर जाऊ शकतो.

इथपर्यंत नुकसान डिमरच्या किमतीएवढंच आहे. खरी भीती वेगळी आहे.

ट्रान्सफॉर्मरला वीज दोन्ही बाजूंनी सारखी लागते. जेवढी पुढची अर्धी लाट, तेवढीच मागची. साधा, या कामासाठी न बनलेला डिमर कधीकधी एक अर्धी लाट सोडतो आणि दुसरी चुकवतो. मग ट्रान्सफॉर्मरला एकाच दिशेने ढकलल्यासारखं होतं. तांत्रिक भाषेत त्यात डीसीचा अंश शिरतो. लोखंडाचा गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो, त्याला आणखी काही घेता येत नाही, आणि मग करंट अडवणारं काही उरत नाही. आतली तार तापत जाते.

आणि हे नेमकं कधी होण्याची शक्यता जास्त? बल्ब उडालेला असताना!

बल्ब चालू असेल तर डिमरमधला ट्रायॅक नीट चालू राहण्याइतका करंट वाहतो. बल्ब उडाला की ट्रान्सफॉर्मर रिकामा राहतो, अगदी थोडा करंट घेतो, आणि तेवढ्यावर ट्रायॅक कधी चालू राहतो, कधी मधेच सुटतो. म्हणजे ज्या दिव्याकडे बघून आपण म्हणतो, "गेलाय तो, बदलू दिवाळीत", त्याच्या वरचा ट्रान्सफॉर्मर डिमर चालू केल्यावर दर वेळी तापत असू शकतो. खाली काही दिसत नाही. आवाज मात्र येतो, नेहमीच्या गुणगुणीपेक्षा जड.

म्हणून लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि डिमर अशी जोडी असेल तर उडालेला बल्ब लगेच बदलावा, नाहीतर तोवर डिमर वापरू नये. ट्रान्सफॉर्मरमध्ये थर्मल फ्यूज किंवा आपोआप तोडणारा कटआउट आहे का हेही बघून घ्यावं. जुन्या स्वस्त तुकड्यांत तो नसतोही.

थोडी गुणगुण मात्र या जोडीत येणारच. कापलेल्या लाटेने लोखंडाच्या पट्ट्या थरथरतात. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही.

डिमर किती वॅटचा घ्यायचा, यातही एक खाच आहे. ५० वॅटचे चार हॅलोजन म्हणजे २०० वॅट असा हिशोब लोक करतात. पण लोखंडी ट्रान्सफॉर्मर स्वतःच १५ ते २० टक्के खातो. डिमरला ते सगळं पेलायचं असतं, म्हणजे हिशोब २४० च्या आसपास धरायला हवा, आणि त्यावर थोडी जागा सोडायला हवी.

हलकी डबी: बल्ब बदलला आणि सगळं बिघडलं

इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरचं उलट आहे. याला साधारणपणे मागून कापणारा डिमर मानवतो. पुढून कापणारा लावला तर प्रत्येक अर्ध्या लाटेला मधेच जोराचा झटका बसतो, सेकंदाला १०० वेळा. डबी किणकिणते, तापते, तिचं आयुष्य घटतं. काही डब्या पुढून कापणाऱ्यालाही चालतात, पण ते त्यांच्या लेबलवर लिहिलेलं असतं. नसेल तर गृहीत धरू नये.

पण घरोघरी सापडणारी तक्रार या जोडीची नसून नंतरची आहे. वीजबिल कमी व्हावं म्हणून लोक हॅलोजन काढून त्याच खाचेत बसणारे एलईडी लावतात. विचार बरोबर आहे. ५० वॅटच्या जागी ५ किंवा ६ वॅट. आणि त्या दिवसापासून दिवे लुकलुकायला लागतात.

कारण इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला कमीत कमी किती लोड लागतो ते ठरलेलं असतं. लेबलवर "२० ते ६० वॅट" असं काहीतरी दिसेल. ६० ही वरची मर्यादा सगळे बघतात. २० ही खालची मर्यादा कुणी वाचत नाही. ६ वॅटचा एलईडी लावला की आतलं सर्किट नीट सुरूच होत नाही. सुरू होतं, सुटतं, पुन्हा सुरू होतं. त्यात वरून डिमरने लाट कापली की विचारायलाच नको.

यावर चारातला एक हॅलोजन तसाच ठेवण्याची युक्ती काही जण करतात. चारही दिवे एकाच डबीवर असतील तर चालतेही. पण त्या एका हॅलोजनमुळे बचत कमी होते. सरळ उपाय म्हणजे डबीच बदलून एलईडी ड्रायव्हर बसवणं.

एलईडी ड्रायव्हर का ऐकत नाही?

बाजारातल्या साध्या ड्रायव्हरवर इनपुट म्हणून १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. कितीही कमी-जास्त वीज आली तरी बाहेर ठरलेले १२ व्होल्टच द्यायचे, हे त्याचं काम. संध्याकाळी लोड वाढून व्होल्टेज पडलं तरी पट्टी तशीच उजळ राहते ती याच गुणामुळे.

आता त्याच्या पुढे डिमर बसवला तर काय होणार? त्याला वाटणार, लाइन खराब आहे. तो मिळेल त्या तुकड्यातून जास्त करंट ओढून १२ व्होल्ट पूर्ण करायला धडपडणार. म्हणून नॉब अर्धा फिरेपर्यंत दिवा मंदच होत नाही, आणि मग एका क्षणी ड्रायव्हर हात टेकतो. बंद होतो, पुन्हा उठतो, पुन्हा बंद. तीच ती थरथर. या झटापटीत आतले कपॅसिटर तापतात आणि काही वर्षं चालायचा ड्रायव्हर लवकर जातो. तो खराब निघाला असं म्हणून लोक तसाच दुसरा आणतात!

"ट्रायॅक डिमेबल" लिहिलेले ड्रायव्हर वेगळे असतात. ते कापलेली लाट वाचून तिच्या प्रमाणात उजेड कमी करतात. भिंतीवरच्या डिमरनेच दिवे मंद करायचे असतील तर ड्रायव्हर असाच हवा. नुसतं बल्बच्या खोक्यावर "डिमेबल" असून भागत नाही, मधली डबीही तशी हवी.

आणि हो, मोबाइलवरून चालणारा स्मार्ट बल्ब भिंतीच्या डिमरवर लावू नये. त्याच्या आत त्याचा स्वतःचा डिमर असतो.

पट्टीसाठी सोपा रस्ता: डिमर डबीच्या पलीकडे लावा

एलईडी पट्टी असेल तर २३० व्होल्टच्या बाजूने खटपट करायची गरजच नाही. ड्रायव्हर साधा ठेवायचा, त्याला पूर्ण वीज द्यायची, आणि ड्रायव्हर व पट्टी यांच्या मधे डीसीचा छोटा डिमर लावायचा. हा पीडब्ल्यूएम पद्धतीने चालतो, म्हणजे पट्टीला सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करतो. जास्त वेळ चालू तर जास्त उजेड. रिमोटचे, नॉबचे, वाय-फायचे असे सगळे प्रकार मिळतात. गणपतीच्या मखरातल्या पट्टीला जो छोटा रिमोटवाला डिमर लावतात, तो हाच.

उजेड थरथरत नाही, अगदी मंद होतो, आणि हाताळायची बाजू १२ किंवा २४ व्होल्टची असते. नव्या सीलिंगसाठी हाच पर्याय बहुतेक घरांना पुरेसा आहे. भिंतीवरच्या देखण्या नॉबचा मोह असेल तर गोष्ट वेगळी.

फक्त करंटचा हिशोब नीट करावा लागतो. समजा १२ बाय १० फुटांची खोली आहे. कडेने पट्टी फिरवायची तर ४४ फूट, म्हणजे साधारण साडेतेरा मीटर. मीटरला ९.६ वॅटची पट्टी घेतली तर एकूण सुमारे १३० वॅट. ड्रायव्हर काठोकाठ चालवू नये म्हणून १६० वॅटच्या आसपासचा घ्यायचा. आता १२ व्होल्टची पट्टी असेल तर डिमरमधून जवळपास ११ अँपियर जाणार. २४ व्होल्टची असेल तर साडेपाच.

हा फरक मोठा आहे. ११ अँपियर एका छोट्या डिमरमधून आणि बारीक वायरमधून न्यायचे म्हणजे जोड तापणार. शिवाय लांब पट्टीत व्होल्टेज गळतं, सुरुवातीला पांढरा उजेड आणि शेवटाला पिवळट अंधार. म्हणून मोठ्या खोलीला २४ व्होल्ट घ्यावं आणि पट्टीचे दोन-तीन तुकडे करून प्रत्येकाला वेगळी वायर द्यावी. १२ व्होल्ट म्हणजे शॉक बसत नाही हे खरं, पण आग व्होल्टेज बघून लागत नाही. ढिल्या जोडातून जाणारा मोठा करंट पुरतो.

इथे दोन अदलाबदली अजिबात करू नयेत. भिंतीवरचा २३० व्होल्टचा डिमर १२ व्होल्टच्या बाजूला लावू नये, तो तिथे नीट चालणार नाही. आणि पट्टीचा डीसी डिमर २३० वर लावला तर धूर निघेल. तसंच हा डीसी डिमर जुन्या लोखंडी किंवा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरच्या मागे चालत नाही, कारण तिथून एसी येते.

रील काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डोळ्याला उजेड सलग दिसतो, पण मोबाइलच्या व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात ना? स्वस्त डिमर कमी वेगाने चालू-बंद करत असला की ते हमखास दिसतात. दुकानातच डिमर अर्ध्यावर ठेवून मोबाइलचा कॅमेरा धरून बघा. काही हजार हर्ट्झचा डिमर असेल तर पट्टे जवळपास जातात.

लाइट गेली आणि इन्व्हर्टर चालू झाला की?

हा प्रश्न परदेशातल्या व्हिडिओंत कुणी घेत नाही, कारण तिथे घरोघरी इन्व्हर्टर नसतो. आपल्याकडे असतो.

महावितरणची वीज गोलाईदार लाटेची असते. प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टरही जवळपास तशीच देतो. पण स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देतात. भिंतीवरचा डिमर लाट कुठे शून्यावर येते ते बघून कापायची जागा ठरवतो. चौकोनी लाटेत त्याचा अंदाज चुकतो. दिवे उड्या मारतात, लोखंडी ट्रान्सफॉर्मर मोठ्याने घुमतो आणि वर सांगितलेलं तापणंही सुरू होऊ शकतं. घरी चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर असेल तर डिमरचं सर्किट इन्व्हर्टरवर घेऊच नये. तिथे एखादा साधा बल्ब द्यावा. पट्टी आणि डीसी डिमर अशी जोडी मात्र यात सहसा निभावून नेते, कारण मधे ड्रायव्हर असतो.

दुकानात काय वाचायचं?

डिमरच्या मागे बारीक अक्षरांत इंग्रजी आर, एल, सी ही अक्षरं असतात. आर म्हणजे साधे तारेचे बल्ब, एल म्हणजे लोखंडी ट्रान्सफॉर्मर, सी म्हणजे इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर. आर आणि एल असेल तर तो पुढून कापणारा. आर आणि सी असेल तर मागून कापणारा. तिन्ही असतील तर तो समोरचा लोड ओळखून स्वतःच पद्धत निवडतो किंवा निवडायची सोय देतो. वाड्यात छत न उघडता अंदाज येत नसेल तर असा तिन्हीवाला घेणं शहाणपणाचं.

वॅटचे आकडेही दोन असतात. "४०० वॅट" हे मोठ्या अक्षरात, ते तारेच्या बल्बसाठी. एलईडीसाठीचा आकडा त्याच्या कितीतरी खाली असतो, शोधून वाचावा लागतो. आणि इथेही कमीत कमी लोडची अट असते. चांगल्या डिमरला बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने सगळ्यात खालची पातळी ठरवता येते. दिवे जिथे थरथरायला लागतात त्याच्या थोडं वर ती लावली की बरीच घरं सुखी होतात.

फॅनचा रेग्युलेटर आणि डिमर मॉड्युलर प्लेटमध्ये जुळ्या भावांसारखे दिसतात. पण फॅनच्या स्टेप रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात, तो दिव्यांच्या ट्रान्सफॉर्मरला लावू नये.

एलईडी ड्रायव्हरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. डबीवर ब्यूरोची खूण आणि इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बघूनच घ्या.

वीज वाचते का?

एलईडीत वाचते, उजेड उतरतो जवळपास त्याच प्रमाणात. हॅलोजनमध्ये तेवढी नाही. व्होल्टेज १० टक्के कमी केलं तर वीज साधारण १५ टक्के वाचते, पण उजेड ३० टक्के जातो. तार थंड पडली की ती उजेडापेक्षा उष्णताच जास्त देते. निव्वळ बिलासाठी हॅलोजनवर डिमर लावत असाल तर तो खर्च एलईडीवर करा.

आणि सरळ सांगायचं तर प्रत्येक घराला डिमर लागतोच असं नाही. पट्टीला एक बटण, स्पॉटला दुसरं, मधल्या दिव्याला तिसरं. तीन बटणांत खोलीचा उजेड हवा तसा बदलतो आणि बिघडण्यासारखं काही नसतं.

लाकडी छत असेल तर

जुन्या वाड्याला खालून पीओपी किंवा जिप्सम केलं की तुळया आणि सीलिंग यांच्यात बंद पोकळी तयार होते. तिथे हवा खेळत नाही, धूळ साचते, उंदीर फिरतात, आणि जुन्या वायरिंगला अर्थिंग असेलच याची खात्री नसते. तापणारी डबी ठेवायला याहून वाईट जागा नाही.

ड्रायव्हरवर इंग्रजी टीसी अक्षरं आणि त्यापुढे तापमानाचा आकडा असतो. डबीचं बाहेरचं तापमान त्यापुढे जाता कामा नये. लाकडावर, थर्माकोलवर किंवा वायरींच्या गुंत्यात ती टेकवू नये. पत्र्यावर किंवा सिमेंट शीटवर, चारही बाजूंनी मोकळी ठेवावी. शक्य असेल तर पोकळीत न ठेवता भिंतीवरच्या हवेशीर बॉक्समध्ये काढावी. लोखंडी ट्रान्सफॉर्मरची तर जागा तिथेच. इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर मात्र फार दूर नेता येत नाही. त्याच्या बाहेरच्या वायरीची लांबी लेबलवर दिलेली असते, बहुतेकदा २ मीटरच्या आसपास.

गोदाघाटाच्या जवळ तळमजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावरून जिथे पुराचा अंदाज घेतला जातो, तिथे शोकेसच्या किंवा टीव्ही युनिटच्या तळाशी ड्रायव्हर ठेवू नये. वरच्या कप्प्यात ठेवायला वायर दोन फूटच जास्त लागते.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि बल्ब बदलतानाही एमसीबी खाली पाडा. डिमर शून्यावर नेला किंवा टक करून बंद केला तरी काही डिमरमधून थोडी वीज झिरपत राहते. रात्री बंद केलेला एलईडी अंधूक चमकताना दिसतो तो त्यामुळेच.

सीलिंग बंद होण्याआधी प्रत्येक ट्रान्सफॉर्मर आणि ड्रायव्हरखाली हात जाईल एवढी झडप ठेवायला सांगा. स्पॉटच्या भोकातून डबी बाहेर काढता येत असेल तर तेही चालतं. डब्यांच्या लेबलांचे आणि त्या कुठे बसवल्या त्याचे फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवा. तीन वर्षांनी दिवा थरथरेल तेव्हा वायरमन पहिला प्रश्न विचारणार तो हाच, की वर नेमकं काय बसवलंय.